‘फ्री’ची कापलेली शेपटी

मी पोटापाण्यासाठी ॲप्स आणि वेबसाइट्सची भाषांतरं करते. पुस्तकासारखं सलग काही यात वाचायला मिळत नाही. एक एक्सेल शीट येते, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रिकामा रकाना, आणि प्रत्येक ओळीत बटणावरचा नाहीतर मेनूमधला एखादा सुटा शब्द, त्याला आमच्याकडे स्ट्रिंग म्हणतात. तर मागे एका शीटमध्ये ‘फ्री’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या ओळींत आला होता. स्क्रीनशॉट नाही, टीप नाही, नुसता ‘फ्री’. पहिल्या ठिकाणी मी ‘मोफत’ लिहिलं, कारण वरच्याच ओळीत प्लॅन वगैरे शब्द होते, आणि आमचं जे सॉफ्टवेअर असतं ते तोच शब्द परत दिसला की आधीचं भाषांतर आपणहून भरून टाकतं, त्यामुळे उरलेल्या दोन ठिकाणीही ‘मोफत’च बसलं, मी घाईत होते, पुढे गेले. महिन्याभराने ॲप हातात आलं तेव्हा स्टोरेजच्या पानावर लिहिलेलं दिसलं, ‘१२ जीबी मोफत’. तिथे म्हणायचं होतं की १२ जीबी जागा रिकामी आहे. आणि कॅलेंडरमध्ये एका माणसाच्या नावासमोर ‘मोफत’ असं आलं होतं, म्हणजे तो त्या वेळेला मोकळा होता.

चूक माझीच, विचारायला हवं होतं. पण तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. कारण त्या १२ जीबीचा मी जितका विचार केला तितकं लक्षात आलं की मी जी चूक अजाणता केली तीच बरेच लोक जाणूनबुजून करतात. एका अर्थाचा फ्री दाखवायचा आणि हातात दुसऱ्या अर्थाचा द्यायचा. आणि आपण मराठीत हा शब्द इतका सहज घेतलाय की आपल्याला त्यात काही विचारावंसं पण वाटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जिथे पैसे, करार, तब्येत किंवा लोकांची खाजगी माहिती गुंतलेली आहे तिथे नुसता ‘फ्री’ लिहायला परवानगी असता कामा नये. लिहिणाऱ्याने सांगितलंच पाहिजे की कुणाला फ्री, कशापासून फ्री आणि किती दिवस फ्री. आणि मराठीत लिहिणाऱ्याला तर काही निमित्तच नाही, कारण आपल्याकडे यातल्या प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द आधीपासून तयार आहे.

आता बघा, किती अर्थ आहेत. दिवसभरात आपण स्वतःच वापरतो ते मोजले तरी पुरे. ‘आत्ता फ्री आहेस का?’ म्हणजे वेळ आहे का. ‘ही खुर्ची फ्री आहे?’ म्हणजे कुणी बसलेलं नाही ना. ‘एकावर एक फ्री’ म्हणजे दुसऱ्याचे पैसे नाहीत. ‘ती एकदम फ्री बोलते’ म्हणजे मनमोकळं. ‘स्क्रू फ्री झालाय’ म्हणजे सैल. ‘शुगर फ्री’ म्हणजे साखर नसलेलं. ‘फ्री कंट्री’, ‘फ्री प्रेस’ म्हणजे स्वतंत्र. ‘फ्री किक’ म्हणजे विरोधी संघाला जवळ येऊ न देता मारायला मिळालेली किक. फिजिक्समध्ये ‘फ्री फॉल’, कवितेत ‘फ्री व्हर्स’. प्रोग्रामिंगमध्ये तर फ्री करणं म्हणजे घेतलेली मेमरी परत देणं, आणि परत दिलेली मेमरी चुकून पुन्हा वापरली तर जो बग होतो त्याचं नावच ‘यूज आफ्टर फ्री’ आहे, सायबर हल्ल्यांमध्ये त्याचा भरपूर वापर होतो. इतके अर्थ, आणि ऐकायला एकच शब्द.

हे सगळे अर्थ एका शब्दात जमले कसे, ते शोधायला गेले तेव्हा मला खरंच भरून आलं. हा शब्द आपला नातेवाईक आहे. इंग्रजीचा ‘फ्री’ आणि संस्कृतचा ‘प्रिय’ हे दोन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून आलेत, अर्थ प्रेम करणं, जिव्हाळा असणं. ‘फ्रेंड’ पण त्याच घरातला. मग प्रियचा स्वतंत्र कसा झाला? अभ्यासक सांगतात ते असं की जुन्या काळी घरात दोन प्रकारची माणसं असायची, एक घरची, रक्ताची, जिव्हाळ्याची, आणि दुसरी दास. जे प्रिय ते दास नाहीत, म्हणून प्रिय म्हणजेच स्वतंत्र. लॅटिनमध्येही तसंच दिसतं, तिथे ‘लिबर’ म्हणजे स्वतंत्र आणि ‘लिबरी’ म्हणजे मुलंबाळं. म्हणजे मुळात हा शब्द ‘तू आमचा आहेस’ असं सांगणारा होता. कुणाचा नसलेला म्हणून मोकळा असं नव्हे, आपल्या माणसांत असलेला म्हणून मोकळा.

‘पैसे न पडणारा’ हा अर्थ खूप नंतरचा, सोळाव्या शतकाच्या शेवटाकडचा, आणि तो सुद्धा ‘खर्चापासून मोकळा’ या लांब शब्दप्रयोगातून आलाय. म्हणजे आधी सांगावं लागायचं की कशापासून मोकळा, मग हळूहळू ते ‘खर्चापासून’ गळून पडलं आणि नुसतं मोकळा उरलं. मला जे म्हणायचंय त्याचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा थांबते.

इंग्रजी ही तशी बेशिस्त भाषा नाही. तिच्यात ‘फ्री’ला शेपट्या आहेत. आपल्याकडे जसे विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं असतात तसे तिथे छोटे छोटे शब्द. ‘फ्री फ्रॉम’ म्हणजे अमुकपासून सुटलेला. ‘फ्री टू’ म्हणजे अमुक करायला मोकळा. ‘फ्री विथ’ म्हणजे सढळ हाताने देणारा, आपण मुक्तहस्त म्हणतो ना, तेच. ‘फॉर फ्री’ म्हणजे फुकट. शेपटी असेल तर अर्थ अगदी स्वच्छ असतो, लहान मुलालाही कळतो. ६ जानेवारी १९४१ ला अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्यांचं भाषण केलं, त्यातली दोन स्वातंत्र्यं बोलण्याची आणि उपासनेची, आणि दोन अभावापासून आणि भीतीपासून. मराठीत सांगताना पण आपोआप ‘ची’ आणि ‘पासून’ असे वेगळे प्रत्यय येतात. १९५८ मध्ये तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी ऑक्सफर्डमध्ये स्वातंत्र्याच्या दोन कल्पनांवर व्याख्यान दिलं, तेही याच शेपट्यांभोवती फिरतं, कुणी आड येत नाही म्हणून मोकळा असणं वेगळं आणि स्वतःचा धनी असणं वेगळं. राज्यशास्त्रातला एवढा मोठा वाद, आणि तो दोन चिमुकल्या शब्दांवर तोललेला आहे.

आणि आपण मराठीत शब्द घेतला तो शेपट्यांशिवाय. ‘फ्री फ्रॉम’, ‘फ्री टू’ असलं काही आपल्याकडे आलंच नाही, आलं ते नुसतं ‘फ्री’. जाहिरातवाल्यांना नेमकं हेच हवं असतं, तिकडे इंग्रजीतही ते पहिलं काम शेपटी कापायचंच करतात.

शेपटी कापली की काय होतं याची जुनी उदाहरणं भाषेतच पडलीत. ‘स्कॉट फ्री’ सुटला असं म्हणतात, म्हणजे गुन्हा करून शिक्षा न होता सुटला. बऱ्याच जणांना वाटतं की याचा स्कॉटलंडशी संबंध आहे, पण तसं नाही, ‘स्कॉट’ म्हणजे जुन्या भाषेत कर, वर्गणी. जो कर न भरता सुटला तो स्कॉट फ्री. पैशातून सुटण्याचा शब्द सरकत सरकत शिक्षेतून सुटण्यावर आला. दुसरं उदाहरण ‘फ्रीलान्स’चं. लान्स म्हणजे भाला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या १८१९-२० च्या एका कादंबरीत हा शब्द सापडतो, अर्थ भाडोत्री योद्धा, ज्याचा भाला कुणा एका मालकाला बांधलेला नाही, जो पैसे देईल त्याच्या बाजूने लढणारा. म्हणजे यातला फ्री हा न बांधलेला या अर्थाचा, फुकट या अर्थाचा तर बिलकुल नाही, तो योद्धा पैशासाठीच लढत होता. आज मी फ्रीलान्स काम करते म्हटल्यावर ‘मग एक छोटंसं काम फ्री करून द्याल का’ असं विचारणारे लोक नेहमी भेटतात. नावातच फ्री आहे म्हणून त्यांना हे मागणं अगदी साहजिक वाटतं. माझ्या ओळखीतले चित्रकार, संपादक, फोटोग्राफर सगळे हे सोसतात, आणि नवीन आलेली मुलं तर नाही म्हणायलाही घाबरतात.

फोटोवरून आठवलं. एका संस्थेसाठी मी छोटी पुस्तिका करून देत होते, तिथल्या एका कार्यकर्त्याने अतिशय चांगल्या मनाने इंटरनेटवरून चार फोटो उतरवून दिले आणि म्हणाला, ‘ताई काळजी करू नका, रॉयल्टी फ्री आहेत.’ त्याच्या मनात रॉयल्टी फ्री म्हणजे फुकट. खरं तर रॉयल्टी फ्री म्हणजे एकदा परवान्याचे पैसे भरले की मग दर वापराला वेगळी रॉयल्टी द्यावी लागत नाही. पैसे द्यावे लागतातच, फक्त पुन्हा पुन्हा नाही. शेपटी पुढे लावलेली असूनही माणूस फसला, कारण फ्री दिसला की डोळा बाकीचं वाचतच नाही. आम्ही ते फोटो काढून टाकले, पण छापायला गेल्यावर कळलं असतं तर त्या मुलावर नाहक बालंट आलं असतं.

या शब्दाने एका अख्ख्या चळवळीला कसं हैराण केलं ते तर माहिती असायलाच हवं. अमेरिकन प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू नावाचा सॉफ्टवेअर प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ सुरू केलं. त्यांच्या दृष्टीने फ्री म्हणजे वापरणाऱ्याला चार गोष्टींचं स्वातंत्र्य: प्रोग्राम हवा तसा चालवायचं, तो आतून बघून बदलायचं, त्याच्या प्रती दुसऱ्याला द्यायचं आणि आपण केलेले बदल वाटायचं. यात किमतीचा संबंधच नाही, उलट ते स्वतः सुरुवातीच्या काळात इमॅक्स हा आपला प्रोग्राम टेपवर भरून विकायचे, आणि त्यांच्या तत्त्वात ते पूर्ण बसत होतं. पण लोकांनी ऐकलं फक्त फुकट. स्टॉलमनना वर्षानुवर्षं एकच वाक्य सांगत फिरावं लागलं की ‘फ्री स्पीच’मधला फ्री समजा, ‘फ्री बिअर’मधला नव्हे. शेवटी १९९८ मध्ये याच क्षेत्रातल्या क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे ते, हा शब्द सुचवला, कारण नवीन लोकांचं लक्ष किमतीवरच अडकत होतं आणि कंपन्यांना फ्री म्हटलं की हे काही तरी कमअस्सल असणार असं वाटायचं. स्टॉलमनना तो बदल पटला नाही, त्यांचं म्हणणं होतं की त्या नावात स्वातंत्र्यच गळून जातं. दोन गट पडले, आणि ते अजूनही पूर्ण जुळलेले नाहीत. मतभेद इतरही होते, सगळं एका शब्दावर ढकलणं बरोबर नाही, पण ठिणगी या शब्दाचीच होती.

स्पॅनिश आणि फ्रेंचमध्ये ही पंचाईत नाही, स्पॅनिशमध्ये ‘लिब्रे’ वेगळं आणि ‘ग्रातिस’ वेगळं, फ्रेंचमध्येही तसेच दोन वेगळे शब्द. म्हणून तर इंग्रजी बोलणारे प्रोग्रामर पण आता स्पष्ट करायचं असलं की ‘लिब्रे’ असं उसनं घेऊन लिहितात. आणि मराठीत? मराठीत मुक्त आणि मोफत. विकिपीडियाच्या मराठी नावाखाली ‘मुक्त ज्ञानकोश’ असं लिहिलेलं असतं. ज्याने कुणी तिथे ‘मोफत ज्ञानकोश’ न लिहिता ‘मुक्त’ लिहिलं त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो, त्या एका शब्दात कळतं की नुसतं वाचायला पैसे लागत नाहीत एवढंच नाही, तुम्ही त्यात भर घालू शकता, बदलू शकता, पुढे वापरू शकता.

आता तब्येतीचं घ्या. ‘अमुक फ्री’ असं पाकिटावर वाचलं की आपण समजतो की ते आत अजिबात नाही. पण कायद्याच्या भाषेत तसं नसतं. अमेरिकेत एका सर्व्हिंगमध्ये, म्हणजे पाकिटावर एका वेळचं म्हणून धरलेल्या भागात, ०.५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर ‘शुगर फ्री’ लिहिता येतं, फॅटचंही तसंच, ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ‘फॅट फ्री’. ‘ग्लूटेन फ्री’ म्हणजे ग्लूटेन, गव्हातलं एक प्रथिन, दहा लाखात २० भागांपेक्षा कमी. सर्व्हिंग जेवढं बारीक तेवढं फ्री होणं सोपं. तिथे तव्यावर मारायचे तेलाचे स्प्रे मिळतात, आत जवळपास सगळं तेलच, पण एक सर्व्हिंग म्हणजे सेकंदाच्या काही भागाची फवारणी धरली जाते, त्यामुळे डब्यावर ‘फॅट फ्री’ छापता येतं. यात नियम मोडलेला नाही, आणि ग्लूटेनच्या बाबतीत तर ती मर्यादा विचार करूनच ठरवलेली आहे, शून्य मोजताच येत नाही हे मला समजतं. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, तो आकडा शब्दाच्या मागे लपतो याबद्दल आहे. ‘एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी’ हे छापायला जागा नाही असं कुणी सांगू नये, त्याच पाकिटावर बाकी केवढं काय काय छापलेलं असतं. अल्कोहोलचं तर अजून अवघड आहे, ब्रिटनमध्ये ‘अल्कोहोल फ्री’ची शिफारस केलेली मर्यादा ०.०५ टक्के आणि इतर काही देशांत ०.५ टक्क्यापर्यंत तोच शब्द चालतो, म्हणजे दहापट फरक आणि शब्द तोच. ज्याने दारू सोडलीय आणि एकेक दिवस मोजतोय त्याच्यासाठी हा फरक किरकोळ नाही.

पैशाचं सगळ्यात शेवटी ठेवलं कारण मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७१ मध्येच फक्त ‘फ्री’ या शब्दाच्या वापरावर एक मार्गदर्शिका काढली. एका शब्दासाठी वेगळी मार्गदर्शिका, यावरूनच कळतं की तेव्हा काय चाललं असेल. त्यात एक गोष्ट मला फार आवडते, तिथे सरळ म्हटलंय की अटी सुरुवातीलाच आणि ठळक सांगितल्या पाहिजेत, फ्रीला ताऱ्याची (*) खूण मारून खाली तळटीप दिली तर ते सुरुवातीला सांगितलं असं धरलं जाणार नाही. युरोपियन युनियनच्या २००५ च्या निर्देशात तर ज्या प्रथा सरसकट गैर धरायच्या त्यांची यादी आहे, त्यात हीसुद्धा आहे: संपर्क करायचा आणि वस्तू नेण्याआणण्याचा टाळता न येणारा खर्च सोडून ग्राहकाला काहीही भरावं लागत असेल तर त्या वस्तूला फ्री म्हणायचं नाही.

तरी होतंच. टर्बोटॅक्स या कर भरायच्या अमेरिकन सॉफ्टवेअरची एक जाहिरात मोहीम होती ज्यात पात्रं ‘फ्री, फ्री, फ्री’ एवढंच म्हणत राहायची. २०२२ मध्ये त्या कंपनीने, इंट्युइटने, अमेरिकेतल्या सगळ्या ५० राज्यांशी समझोता करून १४.१ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, कारण ज्या कमी उत्पन्नाच्या लोकांना कर भरायची सेवा मोफत मिळू शकत होती त्यांनाच पैशाच्या सेवेकडे वळवल्याचा आरोप होता. ती जाहिरातही बंद करावी लागली. एकच शब्द सोडून दुसरं काहीच न बोलणारी जाहिरात, आणि त्या शब्दाला कुणाला, कधी, कोणत्या अटीवर यातली एकही शेपटी नाही. मला यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

फेसबुकच्या पहिल्या पानावर कित्येक वर्षं लिहिलेलं असायचं की हे फ्री आहे आणि नेहमीच राहील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते वाक्य गेलं, त्याजागी ‘झटपट आणि सोपं’ अशा अर्थाचं आलं. त्याच्या आधी २०१८ च्या शेवटी इटलीच्या स्पर्धा नियामकाने त्यांना दंड केला होता, त्याचं एक कारण हेच की सेवा फुकट आहे यावर भर दिला पण तुमची माहिती धंद्यासाठी वापरली जाईल हे नीट सांगितलं नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये हंगेरीनेही तशाच कारणाने दंड केला. मला हे निर्णय महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांनी ठामपणे सांगितलं की किंमत म्हणजे फक्त नोटा नाहीत. टोल फ्री नंबर लावणाऱ्याला पैसे पडत नाहीत, पण ज्याचा नंबर आहे तो ते भरत असतो, आणि ते उघड असतं, त्यात काही गैर नाही. तिथे कोण भरतं ते माहीत असतं. इतर फ्रीमध्ये कोण भरतं हे झाकलेलं असतं, आणि पुष्कळदा भरणारे आपणच असतो.

माझ्या आईच्या फोनवरचं सांगते. तिला फोटो नीट करायचं एक ॲप हवं होतं. मी शेजारीच बसले होते. पडद्यावर मोठं निळं बटण, ‘फ्री सुरू करा’. त्याच्या खाली फिकट राखाडी, इतक्या बारीक अक्षरांत की आईने चष्मा वर करून फोन नाकाशी नेला तरी तिला वाचता येईना, तीन दिवसांनी वर्षाचे पैसे कापले जातील असं लिहिलं होतं. आई म्हणाली, ‘फ्री आहे ना, मग दाब.’ मी वाचून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा बघवला नाही, पैशासाठी नाही, आपण अडाणी आहोत असं तिला वाटलं म्हणून. ती अडाणी नाही. तिने चाळीस वर्षं घरचा हिशोब पै-पैचा लिहिलाय. तिला फसवलं ते त्या शब्दाने, आणि तो शब्द तिथे कुणीतरी बसून, ठरवून ठेवला होता. आणि तो मराठीत कुणीतरी माझ्यासारख्याच भाषांतरकाराने लिहिला होता.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की एका शब्दाचे अनेक अर्थ सगळ्याच भाषांत असतात. अगदी बरोबर. इंग्रजीतला ‘रन’ घ्या, ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संपादकांनी एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवल्याचं २०११ मध्ये बातम्यांत आलं होतं. आपल्याकडे पण ‘कर’ म्हणजे हात, टॅक्स आणि आज्ञा, ‘मान’ म्हणजे गळ्याकडची आणि सन्मानाची. पण ‘रन’च्या गोंधळातून कुणाला पैसे मिळत नाहीत, ‘मान’चा अर्थ मुद्दाम अंधुक ठेवून कुणाचं खातं रिकामं होत नाही. संदर्भाने तिथे अर्थ आपोआप लागतो. ‘फ्री’मध्ये संदर्भ पुसणं हाच धंदा आहे, म्हणून या शब्दाला वेगळी वागणूक हवी. आणि हे फुकट इतकं गोड का वाटतं, तर त्याच्या अंगावर स्वातंत्र्याची शाल असते. एकच शब्द असल्यामुळे फुकटच्या वस्तूला मोकळेपणाचा, उदारपणाचा सुगंध लागतो.

मराठी ‘फुकट’ला असली शाल नाही. उलट आपण या शब्दाकडे आधीपासून जरा संशयानेच बघतो. फुकट्या, फुकटचे सल्ले, फुकट फौजदार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ‘मेहनत फुकट गेली’. पैसे न पडणारं आणि वाया गेलेलं या दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द, म्हणजे फुकट मिळालेलं फुकट जाऊही शकतं ही जाणीव शब्दातच बसलेली आहे. त्याच बटणावर ‘फुकट सुरू करा’ असं लिहिलं असतं तर मला वाटतं आई आपणहून थांबली असती आणि म्हणाली असती, ‘फुकट? का बरं?’ हा ‘का बरं’ आपण फ्री म्हणताना घालवला.

दुसरा आक्षेप, की तुम्ही भाषाशुद्धीवाले आहात. मी नाही. मी स्वतः दिवसातून वीसदा ‘फ्री आहेस का’ विचारते आणि विचारणार, तिथे कुणाचं काही बिघडत नाही. मैत्रिणीला ‘तुला मोकळा वेळ उपलब्ध आहे का’ असं विचारायला मी जाणार नाही. शब्द परका आहे म्हणून तक्रार नाही. पण बटणावर, बिलावर, लेबलवर, करारात लिहिताना मोफत, मोकळा, रिकामा, मुक्त, खुला, बिनव्याजी, बिनशर्त, कर्जमुक्त हे सगळे हाताशी असताना त्या सगळ्यांवर एकच ‘फ्री’ ओतायचा हा आळस आहे. ‘बिनव्याजी’कडे बघा, काय नाही ते त्या एका शब्दात सांगून टाकलंय, तारा नको आणि तळटीपही नको.

म्हणून नियम करणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. ज्या अक्षरात फ्री लिहाल त्याच आकारात आणि त्याच रंगात शेपटी लिहा. १४ दिवस फ्री असेल तर ‘१४ दिवस’ हे पण तेवढंच मोठं. माहितीच्या बदल्यात फ्री असेल तर ‘तुमच्या माहितीच्या बदल्यात’ हेही तिथेच, पुढच्या पानावरच्या कलम सतरामध्ये नाही. आणि भाषांतर करणाऱ्या, जाहिराती लिहिणाऱ्या माझ्या सगळ्या भावाबहिणींना विनंती आहे की शीटमध्ये नुसता ‘फ्री’ आला की भरू नका, विचारा.

मी आता विचारते. परवा एका शीटमध्ये ओळ आली, ‘ट्राय फ्री’. मी शेरा लिहिला, किती दिवस, आणि नंतर काय? दोन दिवसांनी उत्तर आलं की ७ दिवस, नंतर आपोआप पैसे कापले जातात, पण बटणावर जागा कमी आहे. मी लिहून पाठवलं, ‘७ दिवस मोफत, मग पैसे’. अक्षरं मोजून पाठवली, बटणात बसत होती. अजून उत्तर आलेलं नाही, उद्या परत विचारणार आहे.